भिंतीवरचा नेनो

वालचेर्रा, २ मार्च १९६९

नेनो,

वर 'प्रिय' लिहायचं की नाही ते ठरेना, म्हणून नुसतं नाव लिहिलं आहे. तुला काय हवं ते जोडून घे. मी झेलिंदा. तिकडे बेल्जियममध्ये या नावाची दुसरी कोणी ओळखीची असेल तर सांगून ठेवते, मी तुझी धाकटी बहीण. तू गेलास त्या दिवशी खुराड्यामागे बसून रडत होती ती.

पत्ता फादर पाल्मीरोंनी मिळवून दिला. बाबा गेले तेव्हाही त्यांनीच तुला कळवलं होतं. तू आला नाहीस. तो विषय काढायचा नाही असं मी ठरवलं आहे, तेव्हा तो इथेच संपला.

पत्राचं कारण वेगळं आहे. आपल्या चर्चमधल्या रोकोचा चेहरा पुसणार आहेत.

हसू नकोस. गेल्या आठवड्यात शहरातून सरकारी माणसं आली होती, जुनी चित्रं तपासणारी. मी चावी घेऊन गेले, दार उघडून दिलं. त्यांतला एक चष्मेवाला शिडीवर चढला, संत रोकोच्या तोंडाजवळ नाक नेऊन बराच वेळ बघत राहिला आणि खाली उतरून फादरना म्हणाला, "हा चेहरा मूळचा नाही. मागाहून कोणीतरी वरून रंगवलाय."

"त्यासाठी शिडी कशाला लागते?" फादर म्हणाले. "गावातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल."

मग त्यांनी ती सगळी कथा सांगितली. ओलीने रोकोचं तोंड कसं काळवंडलं, तेव्हाच्या फादरनी बैलगाड्या रंगवणाऱ्या माणसाला कसं बोलावलं, संताचा चेहरा कसा असतो ते त्या बिचाऱ्याला कसं ठाऊक नव्हतं आणि मग त्याने आपल्या पणजोबांना, सेराफीनोंना, स्टुलावर बसवून त्यांचंच तोंड भिंतीवर कसं उतरवलं. पणजोबा स्टुलावर बसून घोरत होते, हेही सांगितलं. पाहुणे पोट धरून हसले. हसून झाल्यावर चष्मेवाला म्हणाला की खाली पाचशे वर्षांपूर्वीचा चेहरा अजून असणार आणि तो बाहेर काढायला हवा. ऑगस्टात रोकोच्या सणाला जुना चेहरा सगळ्यांना दाखवायचा असं ठरलं आहे.

मला त्याचं काय, असं तू म्हणशील. मलाही पणजोबांचं काही नाही, मी त्यांना पाहिलेलं नाही. पण तो चेहरा तुझा आहे. तीच लांब हनुवटी, तोच बाहेर आलेला कान, आणि कोणीतरी आपल्याला फसवणार आहे असं बघणारे ते डोळे. चित्रात रोकोचा कुत्रा त्याला तोंडात पाव धरून आणून देतो, म्हणून शाळेत पोरं तुझ्या अंगावर पावाचे तुकडे टाकायची ते आठवतं? "रोको, कुत्रा कुठे सोडलास? मांडीवरची जखम दाखव की!" त्यापायी तू सेस्तीलियोचा दात पाडलास. तो अजून आल्यागेल्याला ती फट दाखवतो आणि सांगतो, "हा दात एका संताने पाडलाय."

बाबांनी तुझे फोटो चुलीत घातले हे तुझ्या कानावर आलंच असेल. एकही ठेवला नाही. पांढरा सदरा घालून हातात मेणबत्ती धरलेला होता ना, तोसुद्धा नाही. भिंतीवरचा तेवढा त्यांना जाळता आला नाही.

ऑगस्टच्या आत एकदा ये. आई बरी आहे.

झेलिंदा


वालचेर्रा, २७ एप्रिल

नेनो,

उत्तर नाही. खाणीत पोस्टमन येत नसेल.

काम सुरू झालं आहे. गेरार्दी नावाची एक बाई आली आहे शहरातून, तिशीची असेल. पँट घालते, सिगारेट ओढते आणि फादरच्या स्वयंपाकीण बाईला रोज 'अहो जाहो' करते, त्यामुळे ती बाई तिच्यावर जीव टाकते. स्वभावाने चांगली आहे. फक्त चर्चचं दार काही तिला उघडत नाही. तुला माहीतच आहे, बिजागरी खचलेली, चावी फिरवताना खालच्या आडव्या फळीला गुडघा लावून दार वर उचलावं लागतं. बाबांनी आपल्याला शिकवलं होतं, तुला आधी, मग मला. बाहेरचा माणूस आला की चावी फिरवतो, ढकलतो, घामाघूम होतो आणि शेवटी मला हाक मारतो. फादर वीस वर्षं इथे आहेत, तेही हाक मारतात. गेरार्दी बाईने दोन दिवस गुडघे फोडून घेतले आणि मग हात जोडले. आता मी सकाळी दार उघडून देते आणि संध्याकाळी लावते.

आई बरी आहे असं लिहिलं होतं. तितकीशी नाही. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले आहेत. डॉक्टर म्हणतात शस्त्रक्रिया करू, ती म्हणते जे बघायचं ते बघून झालं. मला ती आवाजावरून ओळखते, पावाला हाताने चाचपून. पण दुपार कलली की चर्चच्या दारावरच्या गोल खिडकीतून ऊन आत येतं आणि उजव्या भिंतीवर पडतं, बरोबर रोकोवर. एवढं मोठं तोंड आणि एवढा लख्ख उजेड, तेव्हा तिला दिसतं. थोडा वेळच, पण दिसतं.

म्हणून ती रोज जाते. मी दार उघडून ठेवलं की मधल्या द्राक्षांच्या कुंपणाला धरत धरत. पहिल्या बाकावर बसते. मला आधी वाटायचं जपमाळ ओढत असेल. एकदा मागे जाऊन उभी राहिले तर ती त्याला सांगत होती, "आज पुन्हा झेलिंदाने सूप खारट केलंय. हिचं लग्न का झालं नाही ते आता कळलं ना?" म्हणजे दोघं मिळून माझी निंदा करत बसता, असं आहे ते.

एप्रनच्या खिशात पाव असतो. थोडा ती खाते, थोडा भिंतीच्या कठड्यावर ठेवते. तो उंदीर खातात हे तिला माहीत आहे. "त्याच्या कुत्र्याने खाल्ला," असं म्हणते.

नेनो, ती खुळी झालेली नाही. तो रोको आहे, नेनो नाही, हे तिला चांगलं कळतं. पण तोंड तेवढं एकच आहे तिच्याकडे.

आणि आता बाबांचा विषय काढते, जो काढणार नव्हते. तू गेलास तेव्हा मालकाच्या कारभाऱ्याने अंगणात उभं राहून बाबांना विचारलं, "आता एवढं शेत कसणार कोण? तू आणि या दोन बायका?" अर्धेलीच्या शेताला धडधाकट हात लागतात, हे तुला जायच्या आधी कळत नव्हतं असं नाही. नोव्हेंबरात, अर्धेलीचे करार संपतात त्या संत मार्तिनोच्या दिवशी, आमचं सामान गाडीवर चढलं. बाबा बैलांच्या पुढे चालत होते, मागे एकदाही वळून बघितलं नाही. चर्चची चावी बाबा आधीपासूनच सांभाळत होते, म्हणून चर्चजवळचं हे घर फादरनी दिलं आणि छप्पर तरी मिळालं. त्याच रात्री बाबांनी तुझे फोटो चुलीत टाकले. मी त्यांना अडवलं नाही. मलाही ते जळताना बघून बरं वाटलं होतं.

आता वाटत नाही. ये.

झेलिंदा


वालचेर्रा, १५ जून

नेनो,

तुझं कार्ड मिळालं. "काम आहे. बघतो. आईला सांगू नकोस." एवढ्या लांबून एवढे शब्द पाठवताना दमला नाहीस ना? पुढे खाणीचं चित्र होतं, काळ्या डोंगराचं. निदान तू ज्या डोंगराखाली आहेस तो बघायला मिळाला.

आईला सांगितलं नाही. पण कार्ड तिच्या उशीखाली ठेवलं. ते काय आहे ते तिने विचारलं, मी म्हटलं संताचं चित्र. ती त्याच्यावर हात ठेवून झोपते. एवढा अधिकार मी घेतला आहे.

गेरार्दी बाईने मागच्या आठवड्यात रोकोच्या कानाजवळ बोटभर जागा साफ केली. खालून दुसरा कान निघाला. लहान, गुलाबी, डोक्याला चिकटलेला. आईला तो दिसला नाही, पण वास आला औषधाचा. तिने विचारलं, "काय करतेस ग पोरी तिथे?"

बाई शिडीवरून म्हणाली, "आजी, याच्याखाली दुसरा चेहरा आहे. फार सुंदर आहे. मूळ चित्रकाराने काढलेला."

"असेल."

"त्याला बाहेर काढतेय मी. पाचशे वर्षं झालीत त्याला."

आईने थोडा विचार केला. म्हणाली, "म्हणजे त्याची आई कधीच गेली असणार."

"कोणाची?"

"खालच्याची. तिचं आता काही अडलेलं नाही. माझं अडलंय. मी गेले की मग काढा ना त्याला. फार दिवस नाही लावणार मी."

बाई शिडीवरून उतरली आणि बाहेर जाऊन ओट्यावर बसली. सिगारेट पेटवली, ओढली नाही. मी तिला पाणी दिलं. तिने विचारलं, "त्यांचा मुलगा वारलाय का?" मी म्हटलं, "नाही हो. बेल्जियममध्ये आहे. काम आहे त्याला."

खोटं का बोलू, तिने मनापासून खटपट केली. शहरात जाऊन विचारून आली. ते नाही म्हणाले, आणि कारणही खरं आहे. मागून ओल चढते आहे, वरचा रंग फुगला आहे. यंदा काढला नाही तर तो सुटताना खालच्यालाही घेऊन पडेल. मग दोन्ही चेहरे जातील आणि भिंत राहील. मी स्वतः बोट लावून पाहिलं. तुझ्या हनुवटीचा पापुद्रा हलतो.

चेहरा काढायच्या आधी तिने त्याचा फोटो घेतला, आईसाठी. केवढ्या आनंदाने घेऊन आली होती! आईने तो हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. "छान आहे ग," म्हणाली, आणि मला नंतर म्हणाली, "एवढंसं काय? पोस्टाचं तिकीट आहे का तो?" तिला फोटो दिसत नाही, नेनो. भिंतीएवढं तोंड असेल तरच दिसतं.

तो फोटो या पत्रात घालते आहे. आरशापुढे धरून बघ. सतरा वर्षांत किती फरक पडला ते तूच ठरव. जुलै संपला की हा भिंतीवर नसेल. त्याच्या आधी तू तरी तिच्यासमोर उभा राहा.

झेलिंदा


वालचेर्रा, १९ ऑगस्ट

नेनो,

सण झाला. तू आला नाहीस, हे तुला माहीत आहे, मला माहीत आहे, पण आई सकाळपासून तयार होऊन बसली होती. तिला कोणी काही सांगितलं नव्हतं. काळा पोशाख, धुतलेला रुमाल, दोन्ही हात मांडीवर. "एवढी कोणासाठी नटलीस?" मी विचारलं. "रोकोचा सण आहे ना," म्हणाली. दारात पाऊल वाजलं की मान वर व्हायची.

वाजंत्री आली होती खालच्या गावातून, मिरवणूक निघाली, बायकांनी बडीशेप घातलेली गोल गोड कडी तळली. शहरातले पाहुणे इतके आले की त्यांच्या गाड्या शेतात लावाव्या लागल्या. फादरनी पडदा ओढला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. चर्चमध्ये टाळ्या वाजवायची ही आपल्याकडे पहिलीच वेळ.

चेहरा सुंदर आहे. अगदी सुंदर. श्रीमंताघरच्या नवऱ्या मुलासारखा गोरा, केस कानामागे, नजर खाली. जखम मांडीवर आहे पण दुखतेय असं वाटत नाही. एक पाहुणी तर रडत होती. मलाही बघत राहावंसं वाटलं आणि त्याचाच राग आला.

मिस्सेची प्रार्थना संपली, लोक जेवायला गेले. आई बाकावरून उठेना. ऊन यायची वाट बघत होती. मी, फादर, गेरार्दी बाई आणि सेस्तीलियो, एवढे मागे थांबलो होतो. ऊन आलं. तिने मान वर केली. बराच वेळ बघितलं.

"झेलिंदा, हा कोण?"

"रोको आहे, आई."

"रोको आहे ते कळतंय मला. नेनो कुठे गेला?"

सेस्तीलियोने टोपी काढली आणि त्याला जे येतं ते केलं. म्हणाला, "अहो काकू, सणासाठी दाढी केलीये त्याने. म्हणून ओळखू येत नाही."

"सेस्तीलियो," आई म्हणाली, "बाकीचे दात हवेत ना तुला?"

फादर हसले, मीसुद्धा हसले. आई हसली नाही. घरी येताना कुंपणापाशी थांबली आणि म्हणाली, "पहिल्यांदा तो आपला आपण गेला. आता नेला त्याला." मग घरात जाऊन एप्रन काढून खुंटीला लावला. त्याच्या खिशात पाव तसाच होता.

तेव्हापासून ती चर्चमध्ये गेलेली नाही. दिवसभर दारात खुर्चीवर बसते, चर्चकडे पाठ करून. जेवते, पण मी वाढलं म्हणून जेवते. सूप खारट झालं तरी काही बोलत नाही. मी मुद्दाम दोनदा मीठ जास्त घातलं. काही बोलली नाही.

गेरार्दी बाई निघून गेली. जाताना आईच्या पाया पडल्यासारखी खाली बसली आणि तिचे हात धरले. आई म्हणाली, "तुझं काम चांगलं झालं, पोरी. तुझा काही दोष नाही." ते खरंच आहे. दोष कोणाचा हे मला विचारू नकोस, मी लिहून बसेन.

झेलिंदा


वालचेर्रा, १२ ऑक्टोबर

नेनो,

काल मी आईच्या डोळ्यांचं औषध आणायला बसने गेले होते. आले तेव्हा आई खुर्चीवर नव्हती. चावी खुंटीवर नव्हती. धावत चर्चकडे निघाले तर ती कुंपणाला धरत एकटीच येत होती, गालावर रंग चढलेला.

"कुठे गेली होतीस?"

"पाहुणा आला होता. चर्च बघायला."

"मग थांबायचं ना माझ्यासाठी! दार कोणी उघडलं?"

"त्यानेच उघडलं."

मी तिथेच उभी राहिले. "त्यानेच म्हणजे? उघडलं कसं?"

"चावीने. मी त्याच्या हातात दिली. एका झटक्यात उघडलं, आवाजसुद्धा झाला नाही. चांगला गृहस्थ होता. म्हणाला, बाई, तुम्हीपण चला. मग त्याचा हात धरून गेले. हात म्हणजे नुसतं लाकूड."

"कसा दिसत होता?"

"मला काय विचारतेस? बारीक असावा. हाताला हाडं लागत होती. खोकत होता फार, थांबून थांबून. मी म्हटलं, मध आणि गरम वाइन घ्या. तर म्हणे, बाई, याच्यावर वाइन चालत नाही."

तिने मला सगळं सांगितलं. तू कमी बोललास आणि तिने जास्त. तिने तुला चित्र दाखवलं आणि म्हणाली, "आता आहे तो दुसराच कोणी आहे. आधी इथे माझा मुलगा होता." तू विचारलंस, "तुमचा मुलगा वाईट होता का?" ती म्हणाली, "तापट होता. त्याचा बाप त्याहून तापट. एका चुलीवर दोन भांडी उतू गेली." चित्र कुठून कुठपर्यंत होतं ते कळावं म्हणून तिने तुला भिंतीपाशी उभं केलं, रोकोच्या बरोबर खाली, ऊन पडतं तिथे. "जरा इकडे सरका. हां. इथे त्याची हनुवटी यायची." मग तुम्ही बाकावर बसलात. तिने खिशातली बडीशेपेची कडी दिली, ती तू खाल्लीस. निघताना चावी तिच्या हातात दिलीस आणि तिचा हात थोडा वेळ धरून ठेवलास.

एवढंच. आणि गेलास.

हलकटा, तू तिच्या शेजारी बसलास! तेच तोंड घेऊन बसलास आणि भिंतीवरून पुसलेल्या तोंडाची कथा ऐकत राहिलास! एक शब्द बोलायचा होतास. 'आई' हा एक शब्द. मी पंधरा दिवसांनी एकदा बाहेर जाते, तो दिवस तुला कसा मिळाला? की खालच्या वळणावर थांबून, मी बसमध्ये चढल्याची वाट बघत होतास?

रात्रभर चूल पेटती ठेवून बसले होते. परत येशील असं वाटलं. सकाळी सेस्तीलियो म्हणाला, स्टेशनवर एक माणूस बाकावर बसून खोकत होता, ओळखीचा वाटला, पण म्हटलं संत आता दात कशाला पाडेल, म्हणून हाक मारली नाही. तो विनोद करत होता आणि डोळे पुसत होता.

तुझ्या छातीत काय झालं आहे ते मला कळतं. खाणीतून परत आलेले या खोऱ्यात आणखीही आहेत, त्यांचा खोकला मी ऐकलेला आहे. त्याची लाज वाटली का? की बाबांची? बाबा गेले, नेनो. त्यांना आता कोणाचाच राग येत नाही.

झेलिंदा


वालचेर्रा, ३० नोव्हेंबर

प्रिय नेनो,

बघ, आज लिहिलं.

मागचं पत्र पोस्टात टाकल्यावर वाटलं होतं की आता पुन्हा लिहायचं नाही. पण एक सांगायचं राहिलं आहे, जे तेव्हा मलाच माहीत नव्हतं.

तू येऊन गेल्यापासून आई पुन्हा चर्चमध्ये जायला लागली होती. चित्राकडे बघायची नाही. तू बसला होतास त्या बाकावर, तुझ्या जागेशेजारी बसायची. मला वाटलं, सवय आहे, दुसरं काय. आता तिला तेवढंही चालवत नाही. पायांवर सूज आहे, रात्री श्वास लागतो. डॉक्टर म्हणाले, हा हिवाळा कठीण जाईल. तिच्यासमोरच म्हणाले. ती म्हणाली, "मग उन्हाळा सोपा जाईल."

परवा आम्ही चुलीपाशी चेस्टनट सोलत बसलो होतो. ती मध्येच म्हणाली, "पुढचे केस गेलेत ग."

"कोणाचे?"

"कोणाचे म्हणजे? बाबांचे गेले होते तसेच. आणि गाल आत गेलेत. कान मात्र तसाच आहे."

मी सुरी बाजूला ठेवली. "आई, तुला कळलं होतं?"

"भिंतीपाशी उभं कशाला केलं मग त्याला? ऊन होतं ना तिथे."

"मग बोलली का नाहीस? दीड महिना झाला, मलासुद्धा सांगितलं नाहीस!"

ती सोलत राहिली. मग म्हणाली, "तो पाहुणा होऊन आला होता. नेनो म्हणून हाक मारली असती तर उठून गेला असता. पाहुणा होता म्हणून तासभर बसला. मी त्याला पोटभर बघितलं. तुला सांगितलं असतं तर तू त्याच्यावर ओरडली असतीस."

मी ओरडून मोकळी झालेच होते, ते तिला सांगितलं नाही.

थोड्या वेळाने म्हणाली, "त्या पाहुण्याला पुन्हा यायचं असेल तर येऊ दे. मी काही विचारायची नाही."

तर ये. मुलगा म्हणून येणं जमत नसेल तर पाहुणा म्हणून ये. 'बाई' म्हण, चर्च बघायचं आहे म्हण. तिला ते चालतं. तुला ते आधी कळलं होतं की काय कोण जाणे, मला आत्ता कळलं. मागच्या पत्रातलं सगळं मी मागे घेते. हलकट हा शब्दसुद्धा.

ऊन असेल त्या प्रत्येक दिवशी सेस्तीलियो आणि त्याचा भाऊ आईला खुर्चीसकट उचलून चर्चमध्ये नेऊन बसवतील, दुपार कलायच्या आत. दार लावून घेतील आणि चावी तुझ्यासाठी आपल्या घरातल्या खुंटीवर राहील. ते दोघं काही बोलणार नाहीत, मी तशी तंबी दिली आहे. मी बसने बाजारात जाईन आणि अंधार पडल्यावर येईन. तुला माझ्यासमोर यावं लागणार नाही. मला तुला बघायचं आहे, पण ते राहू दे.

एकच सांगते. आता इथे धुकं असतं, आठवडा आठवडा सूर्य दिसत नाही. तुला तिकडून निघायला वेळ लागेल, पोचशील तो दिवस कसा असेल ते कोणाच्याच हातात नाही. ढग असतील तर खाली स्टेशनपाशी खोली घेऊन थांब. ऊन पडेल त्या दिवशी वर ये. नाहीतर तिला दिसणार नाहीस.

तुझी
झेलिंदा